तीन लाख रोख उचल द्यायची का?

प्रश्न: राजारामपुरीतल्या जुन्या घराचं वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि स्वयंपाकघर वाढवणं, एवढं काम आहे. एक ठेकेदार बिनबिलाचं 6,40,000 मध्ये करतो म्हणतोय, पण 3 लाख आधी रोख हवेत. दुसऱ्याचं कोटेशन 18 टक्के जीएसटी धरून 7,30,000. 90 हजार वाचवावेत का?

उत्तर: आधी आकडा फोडून बघा. 7,30,000 मधला कर बाजूला काढला की दुसऱ्याचा मूळ दर येतो साधारण 6,18,600. म्हणजे कामाचा दर त्याचाच कमी. पहिल्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे कर न लावणं गैर नाही. पण सही केलेलं साधं बिल त्यानं दिलंच पाहिजे. उद्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर बिल नाही, करार नाही आणि पैसे रोख, मग सिद्ध काय करणार?

3 लाख रोख तर नकोच. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे. दंड घेणाऱ्याला होतो हे खरं, पण अडकतात तुमचे पैसे.

आता परवाना. घर दुरुस्तीच्या गवंडीकामाला सरसकट एकच परवाना आपल्याकडे नाही. ठेकेदार शॉप अॅक्टचा कागद पुढे करतात, पण ती फक्त धंद्याची नोंद, कामाची पात्रता नव्हे. वायरिंगचं तसं नाही. तिथे शासनाचा विद्युत ठेकेदार परवाना लागतो. त्यावरचं नाव, क्रमांक आणि मुदत वाचा, विद्युत निरीक्षक कार्यालयात खात्री करा, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं वायरमन परमिटही मागा. ‘साहेबांच्या लायसनवर करतो’ हे उत्तर आलं तर तिथेच थांबा. परवाना, बिल आणि बँक खातं, तिन्हींवर नाव एकच हवं. पुढे एसी, इंडक्शनसाठी लोड वाढवताना महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागला, तर तोही परवानाधारकाचाच चालतो.

दुसऱ्याचा जीएसटी क्रमांकही पोर्टलवर टाकून पाहा. 15 अंकाक्षरी, सुरुवात 27 ने. नोंदणी रद्द किंवा कंपोझिशनमधली (छोट्या व्यावसायिकांसाठीची सवलतीच्या कराची योजना) निघाली तर बिलात कर लावायचा त्याला अधिकारच नाही.

स्वयंपाकघरासाठी भिंत पाडणार असाल तर महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याला आधी दाखवा. जुन्या घरात स्लॅबचा भार बहुधा भिंतीवरच असतो.

माझं मत: वायरिंग वेगळं काढून परवानाधारकाला द्या. उरलेलं काम पहिला ठेकेदार लेखी करार, बिल आणि बँकेतून पैसे या अटींवर करत असेल तर त्याला द्या, नाहीतर दुसऱ्याला. उचल 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. पुढचे हप्ते झालेल्या कामाच्या मापावर. गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास तुंबवून खालचा स्लॅब कोरडा राहिला की त्या कामाचे पैसे चुकते करा, 10 टक्के मात्र एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. ही अट करारातच लिहून घ्या.