वडिलांची केमो सुरू असताना ‘मरीन पेप्टाइड’ पावडर द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची केमो चालू आहे आणि ओळखीच्या कुणीतरी समुद्री जीवांपासून काढलेल्या पेप्टाइडची (म्हणजे प्रथिनासारख्याच पण छोट्या साखळीची) पावडर सुचवली आहे, त्याने कॅन्सरही जातो आणि इन्फेक्शनही होत नाही म्हणे. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया देऊ नका. मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये पेप्टाइडंच बनवते आणि तपासते, म्हणून कळकळीने सांगते.

बाजारातली अशी पावडर म्हणजे बहुतेक वेळा माशांच्या कातडी-खवल्यांचं कोलॅजन. संशोधन चालतं ते वेगळ्या पेप्टाइडांवर. टॅकिप्लेसिन घ्या. जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ साली हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तपेशींत शोधलेली ही अवघ्या १७ अमिनो आम्लांची साखळी आता लॅबमध्ये एकेक कडी जोडून बनवता येते. तिच्यावर धन विद्युतभार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ती तिथे चिकटते आणि आवरण फाडते. निरोगी पेशी आपली ऋणभारित स्निग्धद्रव्यं आतल्या बाजूला ठेवतात, कॅन्सरच्या पेशींत ती बाहेर येतात, म्हणून तिथेही आशा.

पण आम्ही नवीन पेप्टाइड आधी रक्ताच्या तांबड्या पेशींवर टाकतो. तासाभराने ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की पेशी तळाशी बसून वरचं पाणी नितळ दिसायला हवं. कितीदा तरी ते लालभडक दिसतं. जंतू मारणाऱ्या साखळीने रक्तपेशीही फोडलेल्या असतात. मग एखादं अमिनो आम्ल बदलायचं, ‘कॅम्प’मध्ये तशी साखळी आधी कुणी तपासली आहे का ते पाहायचं (जंतुरोधक पेप्टाइडांचा हा संग्रह आपल्या परळच्याच आयसीएमआर संस्थेत तयार झाला), आणि पुन्हा पहिल्यापासून.

समुद्रातून आलेलं औषध रुग्णापर्यंत पोचलंय, हेही खरं. सी हेअर या समुद्री गोगलगायीत डोलास्टॅटिन १० सापडलं. ते पेशींचं विभाजन थांबवतं, पण नुसतं दिल्यावर चाचण्यांत टिकलं नाही. त्याचं कृत्रिम भावंड कॅन्सरच्या पेशी ओळखून चिकटणाऱ्या अँटिबॉडीला जोडलं, तेव्हा ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन तयार झालं. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. तेही शिरेतूनच देतात. गिळलेल्या बहुतेक पेप्टाइडांचे पोटातले एन्झाइम तुकडे करतात, जेवणातल्या बोंबलाच्या प्रथिनाचे करतात तसेच.

पुढच्या ओपीडीला तो डबा सोबत न्या आणि मागचं लेबल डॉक्टरांना दाखवा. बाबांना जेवण जात नसेल तर तेही त्याच वेळी सांगा, आहारतज्ज्ञांकडे पाठवतील.