नवऱ्याचे पूर्वज इंग्लंडच्या एका आडगावातले, चर्चच्या रजिस्टरमध्ये एक लग्न आणि दोन बाप्तिस्मे सापडले, पुढे काहीच नाही. आता कुठे शोधू?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण सहा वर्षांपूर्वी मीही अगदी इथेच अडकले होते. माझं सासर नॉर्थम्बरलंडचं, नॉर्थ टाइन नदीच्या वरच्या खोऱ्यातलं, जिथे आजही माणसं कमी आणि मेंढ्या जास्त. तुमचं पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला सगळा भाग) कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून माझ्याच खोऱ्याचं सांगते.

पहिलं म्हणजे पॅरिश म्हणजे एक गाव हे डोक्यातून काढा. आमच्याकडचं सायमनबर्न हे पॅरिश इतकं अवाढव्य होतं की शेवटी १८११ मध्ये पार्लमेंटने कायदा करून ते तोडलं आणि त्यातून वार्क, बेलिंगहॅम, फॉल्स्टन, ग्रेस्टेड, थॉर्नीबर्न अशी वेगळी पॅरिशं झाली. (बेलिंगहॅमचा तिथला उच्चार बेलिंजम, मी वर्षभर चुकीचा करत होते आणि सासरेबुवा सभ्यपणे गप्प.) म्हणजे एकच घर, जागचं न हलता, १८०५ ला एका रजिस्टरमध्ये आणि १८२५ ला दुसऱ्याच. आधी हे बघा की तुमचं पॅरिश कधी तुटलं का, आणि आजूबाजूची सगळी पॅरिशं कागदावर काढून ठेवा.

दुसरं, आणि हे मला फार उशिरा कळलं, माणसं एका जागी राहतच नव्हती. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो ना, अगदी तसंच. नॉर्थम्बरलंडमध्ये शेतमजूर वर्षाच्या बोलीवर ठेवायचे, त्याला हाइंड म्हणायचे, मजुरी बरीचशी धान्या-बटाट्यांत, राहायचं घर नोकरीबरोबर, आणि मे महिन्यात वर्ष भरलं की मालकाशी पटलं नाही तर सगळं सामान गाडीत घालून दुसऱ्या फार्मवर. त्यामुळे पाच पोरांचे बाप्तिस्मे चार पॅरिशमध्ये निघाले तरी नवल नाही. तुमचे बाकीचे बाप्तिस्मे "गायब" नाहीत, डोंगरापलीकडच्या चर्चमध्ये असतील.

म्हणून मी नावामागे धावणं सोडलं आणि फार्मचं नाव धरलं. आपल्याकडे आडनावातच गाव असतं, इथे उलटं, अख्ख्या खोऱ्यात चार्लटन, रॉबसन, डॉड आणि मिलबर्न, बस. त्यात जॉन नाहीतर विल्यम. माझाच किस्सा सांगते, नवऱ्याचा एक पूर्वज जॉन शोधताना १८०३ चा एक जॉन मिळाला, वय जुळलं, बापाचं नाव जुळलं, मी खुश होऊन त्याच्या पुढच्या तीन पिढ्या काढल्या, पाच महिने गेले. मग सहज दफनांची पानं चाळताना तोच जॉन दोन वर्षांचा असताना गेलेला दिसला. मेलेल्या बाळाचे पणतू शोधत होते मी! तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की आधी दफन तपासते.

खरा जॉन सापडला तो बिशपच्या कृपेने. त्या काळी नॉर्थम्बरलंड डरहॅमच्या बिशपकडे होतं, आणि शूट बॅरिंग्टन नावाच्या बिशपने १७९८ ते १८१२ या काळात नोंदी अशा ठेवायला लावल्या की बाळाची जन्मतारीख, कितवा मुलगा, बापाचा धंदा आणि मूळ गाव, आणि आईचं माहेरचं आडनाव आणि तिचंही मूळ गाव, सगळं मिळतं. त्या माहेरच्या आडनावावरूनच पकडला, कारण जॉनने पुढे आपल्या मुलीला तेच मधलं नाव दिलं होतं. तुमचा भाग डरहॅम किंवा नॉर्थम्बरलंड असेल तर ही वर्षं सोन्यासारखी आहेत. रजिस्टर फाटलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जायची ती नक्कल शोधा, डरहॅमच्या नकला फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. आणि फक्त इंडेक्सवर विसंबू नका, मूळ पान उघडा, फार्मचं नाव बरेचदा इंडेक्समध्ये येतच नाही.

लग्न चर्चमध्ये आणि मुलं कुठेच नाहीत, यामागे अजून एक कारण असू शकतं. १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्येच करावं लागे, मग घरचे प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडमधला मुख्य प्रॉटेस्टंट पंथ) असले तरी. पण बाप्तिस्मा ते आपल्याच पंथाच्या चॅपलमध्ये करायचे. आमच्या खोऱ्यात स्कॉटलंड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे असली घरं भरपूर. ही चॅपलची जुनी रजिस्टरं बरीचशी लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जमा आहेत, ऑनलाइनही आहेत. आणि कुणाचं लग्नच सापडत नसेल तर सीमेपलीकडे बघा, पळून जाऊन लग्न फक्त ग्रेटना ग्रीन या सीमेलगतच्या स्कॉटिश गावातच व्हायचं असं नाही, सीमेवरच्या कोल्डस्ट्रीमच्या पुलावरही व्हायचं.

सेन्ससमध्ये (जनगणनेत) १८४१ वर फार भरवसा ठेवू नका, मोठ्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणलेली आहेत आणि जन्मस्थान म्हणजे फक्त याच काउंटीतला की नाही एवढंच. १८५१ पासून जन्माचं पॅरिश मिळतं. तिथून फार्मचं नाव उचला आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुना सहा इंची नकाशा (सहा इंचाला एक मैल) उघडा, इंग्लंडचेही आहेत, फुकट आहेत. मग त्या फार्मपासून खरंच कुठलं चर्च जवळ पडतं, मध्ये नदी आहे की डोंगर, हे दिसतं. आमचा जॉन ज्या फार्मवर मेंढपाळ होता ते आता किल्डरच्या धरणाखाली आहे, पण नकाशात विहिरीसकट आहे, सासरेबुवांनी त्या पानाची प्रिंट काढून फ्रिजला लावलीये.

तुम्हाला मिळालेल्या दोन बाप्तिस्म्यांत फार्मचं किंवा वस्तीचं नाव असेल तर कमेंटमध्ये टाका, मी नकाशात बघून सांगते.