बॉल पायथन घेतोयस? आधी कागद बघ

अरे, टाकी नि हीटर नंतर घे. बॉल पायथन (आफ्रिकेतला अजगर), हिरवा इग्वाना (परदेशी मोठा सरडा) हे साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मधले प्राणी. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती त्यांना लागू आहे आणि 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची. विकणाऱ्याकडे त्याच जनावराची नोंद आहे का बघ, ती तुझ्या नावावर करून मागून घे. ‘नंतर करू’ म्हणाला तर सरळ उठून ये. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिलं, मेलं, तरी कळवायचं. कटकट आहेच, आणि तिचा ताप जपून पाळणाऱ्यालाच. चोरून आणणारा कुठे अर्ज भरतोय? पण रत्नागिरीत घरात साप ठेवलाय हे आळीभर व्हायला वेळ लागत नाही. वनखात्याचा माणूस दारात आला की प्रमाणपत्रच कामाला येतं.

आपल्याकडची घोरपड, अजगर, स्टार कासव मात्र पाळायचंच नाही, तिन्ही त्याच कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. कासवाने लक्ष्मी येते म्हणणाऱ्या आजीला हे कसं पटवायचं ते तुझं तू बघ! कंटाळा आला म्हणून परदेशी कासव विहिरीत सोडू नकोस. आणि पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा हीटरसाठी इन्व्हर्टरचा खर्चही धर.