कूट लिहिलंत, आता फोडा

प्रश्न : सीझरचं कूट (गुप्तलेखन) पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं. इंग्रजीवर चालतं, मराठी मजकुराचं मात्र भलतंच काही होतं. का?

सीझर प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवत असे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमांकांच्या यादीत, ‘क’च्या क्रमांकात तीन मिळवले की ‘घ’ येतो, इथवर ठीक. पण ‘न’मध्ये एक मिळवला तर ‘प’ येत नाही, खाली नुक्ता (टिंब) असलेला ‘ऩ’ येतो. शिवाय काना-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘मराठी’ची लांबी पायथन ५ सांगतो. म्हणून ‘क’ ते ‘ळ’ अशी व्यंजनांची यादी स्वतः करा आणि तीच फिरवा. मात्रा जागच्या जागी राहू द्या. कूट कच्चं राहील, पण शिकायला तेच बरं.

प्रश्न : सीझरच्या २५ किल्ल्या, म्हणजे सरकवण्याची २५ अंतरं, लूप लावून तपासल्या. अक्षरांची अदलाबदल कशीही केली असेल तर?

तर इंग्रजीसाठी किल्ल्या होतात ४ वर २६ शून्यं, इतक्या. तिथे लूप हात टेकतो. वाट दाखवली बगदादच्या अल-किंदीने, नवव्या शतकात: त्याच भाषेतला साधा मजकूर घ्या, कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा आणि कूटातल्या मोजणीशी ताडून पाहा. पायथनचा ‘काउंटर’ हे एका ओळीत करतो. मजकूर मात्र निदान पान-दोन पानं हवा. एका वाक्यावर मोजणी फसते. कूटशास्त्राच्या इतिहासात मला याहून सुंदर कल्पना दुसरी दिसत नाही.

प्रश्न : व्हिजनेरचं कूट सोडून थेट एनिग्माकडे, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कूटयंत्राकडे, वळू का?

नको. व्हिजनेरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कूटात किल्ली म्हणून एक शब्द असतो आणि त्याच्या अक्षरांप्रमाणे सरकवण्याची घरं बदलत जातात. ते बेलासोने १५५३ मध्येच मांडलं होतं. कासिस्कीने १८६३ मध्ये ते फोडण्याची रीत छापली: पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरगटांमधली अंतरं काढा, त्यांच्या सामाईक विभाजकातून किल्लीची लांबी हाती लागते. हे एका संध्याकाळचं काम आहे, करूनच पुढे जा.

एनिग्मात रिफ्लेक्टरमुळे (विद्युतप्रवाह परत फिरवणाऱ्या भागामुळे) कोणतंही अक्षर स्वतःचंच कूट होऊ शकत नसे. ब्लेचली पार्क या ब्रिटिश कूटभेद केंद्रातल्या मंडळींनी ही फट नेमकी हेरली. संदेशात हवामान अंदाजाचा जर्मन शब्द ‘वेटरफोरहेरझागे’ असणार असा तर्क करा. त्याची १६ रोमन अक्षरं कूटाखालून एकेक घर सरकवत न्या. वरखाली एक जरी अक्षर जुळलं तरी ती जागा बाद. असं केल्याने जवळपास निम्म्या जागा गळतात. दहा ओळींचा कोड पुरतो, आणि उरलेल्या जागांवरच गणितज्ञ ट्यूरिंगच्या ‘बॉम्ब’ या किल्ली शोधणाऱ्या यंत्राचं काम सुरू होई.