तांबीसारखी दिसते, म्हणून तांबी नव्हे

"प्रिय मावशी, मी ३८ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिक्षिका. दोन मुलं. धाकटीनंतर तांबी बसवली, तेव्हापासून पाळीत फार अंगावरून जातं. आठ-आठ दिवस चालतं, गाठी पडतात. हिमोग्लोबिन ७.८ झालंय. सोनोग्राफीत विशेष काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तांबी काढून मिरेना नावाचं, तसंच आत बसवायचं साधन बसवू. मला वाटतं, पुन्हा तेच! सासूबाई म्हणतात, पाळी थांबली तर रक्त पोटात साचतं. जाऊबाईंनी पिशवीच काढून टाकली, त्या म्हणतात, कायमची कटकट मिटव. शाळेत खुर्चीवरून उठताना मी आधी मागे वळून बघते. काय करू?"

अगं, खुर्चीवरून उठताना मागे बघायची सवय मलाही होती. म्हणून तुझं पत्र आलं तशी लगेच लिहायला बसले.

आधी ते ७.८. बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. जिना चढताना दम लागणं, सारखं गळून जाणं, हे "बायकांचं असंच असतं" म्हणून सोसायचं नसतं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घे, पण चहाबरोबर नको. हिमोग्लोबिन भरलं तरी पुढे आणखी काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. गोळ्या सोसल्या नाहीत तर शिरेतूनही लोह देतात. पण खालची तोटी उघडी असेल तर टाकी भरणार कशी? म्हणून रक्तस्राव थांबवायलाच हवा.

आता तुझी भीती. दोन्ही वस्तू इंग्रजी टी अक्षरासारख्या, दोन्हींना खाली दोरा, त्यामुळे सगळ्या जणी दोन्हींना तांबीच म्हणतात. काम मात्र उलटं. तांबीवरच्या तांब्यामुळे काही जणींची पाळी वाढते, तुझी वाढली तशी. मिरेनात तांबं नाहीच. तिच्या दांडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ५२ मिलिग्रॅम, आणि सुरुवातीला त्यातलं रोज साधारण २० मायक्रोग्रॅम तिथल्या तिथे झिरपतं. त्याने गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. पाळीत बाहेर येतं ते हेच अस्तर आणि त्याबरोबरचं रक्त. अस्तरच जाड झालं नाही, तर पडणार काय आणि साचणार काय? सासूबाईंना हे असंच, त्यांच्याजवळ बसून सांग. रागाने नको. त्यांच्या काळी त्यांना कुणी समजावलंच नाही. तुझी बीजकोशं आपलं काम करतच राहतील, ही रजोनिवृत्ती नव्हे.

सहा महिन्यांत रक्तस्राव बहुतेक जणींचा खूपच कमी होतो, आणि वर्षभरात साधारण पाचांतल्या एकीची पाळी पूर्ण थांबते. गर्भनिरोधक म्हणून तर ती नसबंदीच्या तोडीची. पुन्हा मूल हवंसं वाटलं तर काढता येते.

पण पहिले तीन ते सहा महिने चिकाटीचे. अधूनमधून डाग, कधी पंधरा-पंधरा दिवस थेंब थेंब. इथेच कितीतरी जणी वैतागून काढून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पुढचा आराम त्यांना मिळतच नाही. काहींना मुरुमं येतात, छाती दुखते, मन उदास राहतं. वीसांतल्या एखादीची आपोआप निसटून बाहेर येते. बसवताना कळ येते. ती सोसायची म्हणून सोसू नकोस, दुखण्यावरचं औषध आधीच माग. नंतर ताप, असह्य पोटदुखी किंवा दुर्गंधी असलेला स्राव झाला, दोरा हाताला लागेनासा झाला, तर त्याच दिवशी दाखव. आणि कधी स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ही नको.

जाऊबाईंच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. माझ्या बहिणीची पिशवी ३९व्या वर्षी काढली, सोबत बीजकोशंही. दुसरा मार्ग आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. ऐन चाळिशीत अंगाची लाही लाही, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचं २०१९ मध्ये किती गाजलं, शासनाला समिती नेमावी लागली. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, ते मी नाकारत नाही. तुझ्या रिपोर्टमध्ये तसं काही दिसत नाही. साधे उपाय करून पाहिल्याशिवाय त्या टेबलावर चढू नकोस.

नुसती तांबी काढली तरी पाळी थोडी हलकी होईल. मग गर्भनिरोधनाचं नवऱ्याने बघावं. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी सोपी असते. त्याला विचार तर खरं. तरी ७.८ पाहता माझा कौल मिरेनालाच.

खर्च काही हजारांचा आहे, आधी विचारून घे. तांबी काढणं आणि ही बसवणं एकाच वेळी होतं. शनिवारची वेळ घे, म्हणजे रविवारी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहता येईल. स्वयंपाक त्या दिवशी घरातलं दुसरं कुणीतरी करेल.