महागाई वाढ पूर्ण मिळते का? निवृत्त शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वित्त कायदा 2025 नुसार निवृत्तांची महागाई वाढ कायमची बंद, असा मेसेज आमच्या माजी शिक्षकांच्या ग्रुपवर रोज येतो. खरं काय? (निवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, कराड)

सर, तो मेसेज खोटा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, तसा खुलासाही केला. बदल झाला होता तो केंद्रीय पेन्शन नियमांतल्या नियम 37 मध्ये. सरकारी खात्यातून सार्वजनिक उपक्रमात गेलेला कर्मचारी तिथे गैरवर्तनासाठी बडतर्फ झाला, तर त्याचे निवृत्तिलाभ जाऊ शकतात, एवढंच त्यात आहे. तुमची पेन्शन महाराष्ट्राच्या 1982 च्या नियमांवर चालते, तिला याची झळ नाही.

त्या वित्त कायद्यात दुसरी एक गोष्ट मात्र खरोखर आहे. निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा अधिकार केंद्राने त्यात लिहून घेतलाय. संघटना त्यावर नाराज आहेत आणि मला ती नाराजी रास्त वाटते. फॉरवर्ड करायचंच तर ते करा.

प्रश्न : मी निवृत्त होताना 40 टक्के पेन्शन विकली. आता महागाई कशावर धरतात, मूळ पेन्शनवर की हातात येते तिच्यावर? बँकेत विचारलं तर ट्रेझरीकडे बोट दाखवतात. (निवृत्त माध्यमिक शिक्षिका, बार्शी)

मूळ पेन्शनवर, बाई. विक्री म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणं; महागाई त्याआधीच्या पूर्ण रकमेवर. याच जागी चूक झाली तर ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो.

समजा मूळ पेन्शन 30,000. त्यातले 12,000 विकले, उरले 18,000. महागाईचा दर 55 टक्के धरला तर ती 30,000 वर निघते, म्हणजे 16,500. खात्यात यायला हवेत 34,500. कुणी चुकून 18,000 वर हिशेब केला तर महागाई 9,900 आणि जमा 27,900. दरमहा 6,600 रुपयांचा खड्डा! बँकेच्या पासबुकात एकच आकडा दिसतो, त्यामुळे त्यावरून हे कळणार नाही. निवृत्तिवेतनवाहिनी संकेतस्थळावरची पेन्शन स्लिप काढा. मूळ पेन्शन, विक्रीची कपात आणि महागाई हे तिन्ही आकडे वेगवेगळे बघा आणि पीपीओशी (पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी) ताडून पाहा. तफावत असेल तर ट्रेझरीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं टेबलावरच राहतं.

आणखी एक. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. ती तारीख आजच डायरीत लिहून ठेवा.

प्रश्न : महागाई वाढ हा आमचा हक्क आहे की सरकारची मर्जी? कोविडमधल्या 18 महिन्यांचं काय झालं? (निवृत्त शिक्षक, अमरावती)

पेन्शन ही खैरात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी स्पष्ट केलं. म्हणून तर 17 डिसेंबरला आपण पेन्शनर दिन पाळतो. महागाईच्या दराचं मात्र तसं नाही. केंद्राचा दर औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 12 महिन्यांच्या सरासरीवरून वर्षातून दोनदा निघतो, जानेवारी आणि जुलैचा. राज्यात तोच दर लागू व्हायला वित्त विभागाचा जीआर (शासन निर्णय) निघावा लागतो आणि तो कधी काढायचा हे राज्याच्या हातात.

1 जुलै 2024 पासूनचा 53 टक्के दर महाराष्ट्रात फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाला. 1 जानेवारी 2025 पासूनचे 55 टक्के ऑगस्टमध्ये. फरक मिळाला, पण व्याजाचं नाव नाही. दर कापला असं कुणी म्हणणार नाही, मात्र सात-आठ महिने आपलेच पैसे सरकार बिनव्याजी वापरतं.

कोविडचा हिशेब जास्त बोचरा आहे. जानेवारी 2020, जुलै 2020 आणि जानेवारी 2021 असे तीन हप्ते गोठवले. त्या हप्त्यांचे दर 4, 3 आणि 4 टक्के. जुलै 2021 पासून दर 17 वरून थेट 28 वर गेला, मधल्या काळाची थकबाकी मात्र दिली नाही. वर घेतलेल्या 30,000 मूळ पेन्शनवर पहिल्या सहामाहीत 7,200, दुसरीत 12,600, तिसरीत 19,800 असे 39,600 रुपये गेले. ते परत मिळतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

पश्चिम बंगालच्या कर्मचाऱ्यांनी केंद्राच्या दराशी असलेल्या तफावतीसाठी वर्षानुवर्षं खटला लढवला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 25 टक्के थकबाकी तीन महिन्यांत द्यायला सांगितली. म्हणजे कोर्टात दाद लागते, पण तितकं वय शिल्लक हवं. माझ्या मते संघटनांनी टक्केवारीपेक्षा दोन मागण्यांवर जोर द्यावा: केंद्राचा आदेश निघाल्यापासून ठरावीक मुदतीत राज्याचा जीआर, आणि उशीर झाला तर व्याज. पुढच्या गोठवणीला आवर घालायचा तर हे नियमातच यायला हवं.

प्रश्न : विनाअनुदानित शाळेत 26 वर्षं शिकवलं. माझ्या पेन्शनला महागाई का नाही? (नाशिक)

कारण तुमची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कर्मचारी पेन्शन योजनेची आहे आणि त्या योजनेत महागाई वाढीची तरतूदच नाही. किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकलेली आहे. 7,500 रुपये आणि वर महागाई भत्ता, ही मागणी घेऊन बुलढाण्यातून आंदोलन उभं राहिलं, ते अजून चालू आहे. अर्ज करून मिळवावं असं यात काही नाही, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : यजमान शिक्षक होते. मला फॅमिली पेन्शन मिळते. 81 वर्षं पूर्ण झाली, तरी रक्कम वाढली नाही. (पेण)

आजी, वयाची 80 वर्षं झाली की जादा पेन्शन सुरू व्हायला हवी, आणि त्या जादा रकमेवर महागाईही. बहुतेक वेळा घोडं अडतं ते जन्मतारखेपाशी. पीपीओवर यजमानांची असते, पत्नीची कोरी. मुलाला किंवा नातवाला पीपीओची प्रत, आधार आणि जन्मतारखेचा पुरावा घेऊन ट्रेझरीत पाठवा. अर्जात 80 पूर्ण झाल्यापासूनचा फरक मिळावा असं स्पष्ट लिहा.