सुई न टोचता नुसत्या प्रकाशाने साखर मोजणारे घड्याळ वडिलांसाठी घ्यावे का?

घेऊ नये, असे मला वाटते. आणि आपण लिहिल्याप्रमाणे वडील इन्सुलिन घेत असतील, तर मुळीच घेऊ नये. घड्याळाने साखर चुकून जास्त दाखवली आणि तेवढ्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले, तर साखर झपाट्याने उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला, तो याच धोक्यामुळे.

ऑक्सिमीटर प्रकाशानेच ऑक्सिजन सांगतो, मग साखर का नाही, ही आपली शंका रास्त आहे. हिमोग्लोबिनला गडद रंग असतो, ऑक्सिजन मिळताच तो बदलतो आणि लिटरभर रक्तात हिमोग्लोबिन साधारण 140 ग्रॅम असते. ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, मात्र रंगहीन, आणि उपाशीपोटी लिटरमागे जेमतेम 1 ग्रॅम. ते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, थोडेफार शोषते खरे, पण तेच किरण पाणी, चरबी आणि प्रथिनेही शोषतात. त्यामुळे घाम आला, त्वचा गार पडली किंवा पट्टा जरा सैल झाला, तरी ग्लुकोजचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ध्रुवित, म्हणजे ठरावीक दिशेनेच कंप पावणाऱ्या, प्रकाशाने शरीराच्या ऊतींत उमटणाऱ्या ध्वनिलहरींवरून ग्लुकोज मोजण्याचे काम चालले आहे आणि मला त्याविषयी मोठी आशा आहे, परंतु ते अजून प्रयोगशाळेतले काम आहे.

आईसाठी मी असे एक घड्याळ मागवले होते. जेवणानंतर दीड तासाने ग्लुकोमीटरवर 238 आले, घड्याळात 112. तेच मी माझ्या मनगटावर बांधले, तर 110. त्याच दिवशी परत पाठवले.

टोचून घेणेच नकोसे झाले असेल, तर डॉक्टरांना विचारून दंडावर चिकटवण्याचा सेन्सर लावावा. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली राहतो आणि काही सेन्सर 14 दिवस चालतात. तो पेशींभोवतालच्या द्रवातील साखर मोजतो, म्हणून आकडा रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो. घाम फुटला, हात थरथरू लागले आणि आकडा मात्र ठीक दिसत असेल, तर बोटाचे रक्त तपासावेच. तो खर्च झेपत नसल्यास बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, तिथे कमी दुखते. त्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत: आंबे चिरून उठलेल्या आईची साखर एकदा 300 च्या वर दिसली होती, हात धुतल्यावर ती 160 निघाली.